बाजूचं बटण पाच वेळा

दुकानात तिला नावाने कोणी हाक मारत नसे. मॅनेजरपासून लादी पुसणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांची ती फीचरबाई. तिला त्याचा राग येत नसे, उलट जरा गर्वच होता, आणि का नसावा? पावणेसात इंची स्क्रीन, सेकंदाला एकशेवीस वेळा ताजा होणारा पडदा, दोनशे मेगापिक्सेलचा कॅमेरा, टायटॅनियमची कड, दीड मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी बांधणी, हे सगळं तिला इतकं तोंडपाठ होतं की झोपेतून उठवलं असतं तर तिने आधी प्रोसेसर सांगितला असता आणि मग विचारलं असतं, कोण आहे म्हणून.

आता तोंडपाठ काय, बाकीच्यांनाही होतं. फरक असा की बाकीचे सांगत आणि फीचरबाई दाखवत असे. पाण्याचा ग्लास घेऊन फोन सरळ त्यात बुडवायची. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचा कावळा झूम करून त्याची चोच दाखवायची. आणि गिऱ्हाईक तरीही "बघतो, घरी विचारतो" असं पुटपुटायला लागलं, की ती हुकमाचं पान काढायची.

"हे बाजूचं बटण पाच वेळा दाबा. दाबा हो, काही होत नाही."

गिऱ्हाईक दाबायचं. काही क्षणांत फीचरबाईच्या खिशातला फोन टिंग करायचा. ती तो काढून गिऱ्हाइकासमोर धरायची. मला मदत हवी आहे, मी इथे आहे, खाली नकाशावर ठिपका, पुढच्या आणि मागच्या कॅमेऱ्याने आपोआप काढलेले दोन फोटो आणि पाच सेकंदांचं रेकॉर्डिंग. "समजा, घरात एकटं कोणी पडलं. बोलता येईना, स्क्रीन उघडता येईना. एवढं बटण दाबलं की झालं." म्हाताऱ्या आईबापांना घेऊन आलेल्या लेकीसुनांचे डोळे तिथेच पाणावायचे आणि बिल फाटायचं.

या करामतीसाठी तिने काउंटरवरच्या चारही डेमो फोनमध्ये संकटकाळचा नंबर म्हणून स्वतःचा नंबर टाकून ठेवला होता. फोन आपणहून सरकारी मदतीला कॉल लावतो ती सोय मात्र बंद, कारण एकदा कुणाच्या तरी पोराने बटण दाबलं आणि दुकानाच्या दारात अग्निशमनचा बंब येऊन उभा राहिला होता. मॅनेजरने त्या दिवशी अख्ख्या दुकानाची खरडपट्टी काढली. तेव्हापासून फोन हातात आला की ती सोय बंद करायची, ही तिच्या बोटांना सवयच लागून गेली होती. नव्या गिऱ्हाइकाचा फोन चालू करून देतानाही ती आधी तेच करायची, मग आपला नंबर टाकून एकदा चाचणी दाखवायची, आणि शेवटी तो नंबर पुसून घरच्यांचा टाकायची. नेहमी टाकायची. हे तिने पुढे कितीदा तरी सांगितलं, की नेहमी टाकते हो मी.

आता चार फोन काउंटरवर उघडे पडलेले म्हटल्यावर दिवसभर त्यांची बटणं दाबली जाणारच. टिंग. टिंग. दिवसाला तीस-तीस मेसेज. फोटोत काय, तर दुकानाचं पांढरं छत नाहीतर कुणाचं तरी नाक. पहिल्या आठवड्यात ती बघायची. नंतर न बघता अंगठ्याने बाजूला सारायची, अंगावरची माशी हाकलावी तसं.

तीन आठवड्यांपूर्वी ऑपरेटरबाई आल्या होत्या. सत्तरीच्या, ताठ, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं काढलेल्या. सोबत मुलगा, विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावरचा, दर दोन मिनिटांनी फोन कानाला लावून बाहेर जाणारा. फीचरबाईने "मॅडम" म्हणताच बाई म्हणाल्या, "मॅडम काय म्हणतेस, मावशी म्हण. मॅडम म्हटलं की मला वाटतं कुणीतरी ट्रंक कॉलची तक्रार करायला आलंय."

मावशींना खरं तर साधा फोन हवा होता. "अगं, मी लोकांची लग्नं जुळताना ऐकलीत, मोडताना ऐकलीत. मला कॅमेरे काय करायचेत?" पण मुलाने ठरवलंच होतं. आई एकटी राहते, शहराच्या दुसऱ्या टोकाला, दारं आतून लावून बसते. त्याला बटणवाला फोन हवा होता, दुकानातला सगळ्यात महाग. फीचरबाईने बटण दाखवलं. मावशींनी ते मोठ्या गंभीरपणे पाच वेळा दाबलं आणि टिंग झाल्यावर हसल्या. "लागली की गं लाईन!"

तेव्हाच मुलगा बाहेर फोनवर गेला. फीचरबाई म्हणाली, ते आले की त्यांचा नंबर टाकू. मुलगा आला तो "बिल झालं का, मला निघायचंय" म्हणतच आला. मग स्क्रीनगार्डवर हवेचा बुडबुडा राहिला म्हणून तो काढण्यात पाच मिनिटं गेली, मग पिशवी, मग पावती. "बटण दाबलं की मेसेज यांच्याकडे जाणार बरं का मावशी," असं फीचरबाई तोंडाने बोललीसुद्धा. बोलली, आणि नंबर टाकला मात्र नाही.

आणि मग तो दिवस आला.

सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांनी तिच्या खिशात टिंग झालं. दुकानात सेल होता, काउंटरवर पाय ठेवायला जागा नव्हती, चारही डेमो फोन लोकांच्या हातात होते. तिने फोन अर्धवट बाहेर काढला आणि अंगठ्याने मेसेज सारला. अकरा चौदाला पुन्हा. अकरा वीसला पुन्हा. "काय लोक आहेत, बटण दिसलं की दाबायचं," ती शेजारच्या सेल्समनला म्हणाली, आणि दोघं हसले. त्यानंतर तिने फोन व्हायब्रेटवर टाकला, कारण त्या टिंगटिंगने तिचं डोकं उठलं होतं.

एक वीसला तिला जेवायला सुट्टी मिळाली. मागच्या खोलीत खोक्यांच्या थप्पीवर ती डबा उघडून बसली आणि सवयीने डाव्या हाताने फोन चाळायला लागली. बावीस मेसेज होते. ती एकेक पुसू लागली. छत. छत. कुणाचा तरी कान. छत. आणि मग एक फोटो आला त्यात छत नव्हतं.

लाकडी टेबलाचा पाय होता, तोही आडवा. त्यामागे फरशी, फरशीवर उपडी पडलेली सपात आणि दूर कोपऱ्यात खिडकीचा उजेड. दुसऱ्या फोटोत पांढऱ्या केसांची बट आणि अर्धी हनुवटी.

घास तोंडातच राहिला. तिने नंबर बघितला. चार डेमो फोनचे नंबर तिने कधी सेव्ह केले नव्हते, त्यामुळे सगळेच नुसते आकडे, पण हे आकडे वेगळे होते. त्या एकाच नंबरावरून सात मेसेज होते. शेवटचा बारा पन्नासचा. तिने त्याचं रेकॉर्डिंग लावलं. पाच सेकंद नुसता श्वास, ओढून घेतलेला, घरघरता, आणि शेवटी घशातून आलेला एक आवाज ज्याला शब्द म्हणता आला नसता.

तिने त्या नंबरावर फोन लावला. वाजत राहिला. कोणी उचलला नाही.

ती धावत काउंटरच्या कॉम्प्युटरवर गेली. "अहो सरका," ती ओरडली, आणि मॅनेजर खरोखरच सरकला, कारण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. नंबर टाकला. तीन आठवड्यांपूर्वीचं बिल निघालं. बिल मुलाच्या नावावर आणि पत्ता मुलाच्या घरचा. तिला टेलिफोन एक्स्चेंज आठवलं, लाईन लागली म्हणून हसणारा तो चेहरा आठवला, आणि तिने तिथेच कपाळावर हात मारून घेतला. नंबर पुसला नव्हता.

"चुकून दाबलं गेलं असेल हो," मॅनेजर म्हणाला. "पर्समध्ये दाबलं जातं. रांग बघा किती आहे, तीननंतर जा."

"सात वेळा चुकून?" ती म्हणाली. "तुमची रांग घाला चुलीत." नोकरीला लागल्यापासून ती मॅनेजरशी असं कधीच बोलली नव्हती. त्याच्याकडे न बघताच ती बाहेर पडली.

टॅक्सीत बसल्याबसल्या तिने रुग्णवाहिकेला फोन केला आणि नकाशावरचा ठिपका पाठवला. मग बिलावरच्या नंबरवर मुलाला लावला. त्याने कापला. पुन्हा लावला. पुन्हा कापला. अनोळखी नंबर कोण उचलतं? तिने मेसेज टाकला, तोही पडून राहिला. पुढे गाड्यांची रांग लागलेली. टॅक्सी दहा पावलं जायची आणि थांबायची. तिने हिंमत करून पहिल्या मेसेजचं रेकॉर्डिंग लावलं, अकरा बाराचं. जीभ जड झालेली होती, पण शब्द कळत होते.

"बाळा, आत्ता हातातला चमचा पडला. हात उचलेना झालाय."

पुढची रेकॉर्डिंग तिच्याच्याने लावली गेली नाहीत. तिने फोन मांडीवर पालथा ठेवला आणि टॅक्सीवाल्याला म्हणाली, "दादा, कसंही करा, पण लवकर चला." तो म्हणाला, "ताई, उडवू का?" एरवी ती हसली असती.

ठिपक्याजवळ पोचली तेव्हा दोन वाजत आले होते. आणि पोचून काय? ठिपका तीन इमारतींच्या मधोमध. एकाच फाटकातून आत जायच्या तीन सारख्या इमारती, प्रत्येक पाच मजली, म्हणजे साठ दारं. रुग्णवाहिकेचा पत्ता नव्हता. फाटकावरचा पहारेकरी नवीन होता, परवाच लागलेला.

"एकट्या राहतात, वयस्कर, टेलिफोनमध्ये होत्या."

"इथे निम्मी लोकं वयस्कर आहेत बाई, आणि टेलिफोन सगळ्यांकडे आहे," तो म्हणाला, आणि तिची मुद्रा बघून वरमला. "नाव सांगा ना." मावशींचं नाव तिला आठवेना, आणि बिलावर मुलाचं होतं. तिने ते सांगितलं. त्याने वहीत बोट फिरवलं. त्या नावाचं कोणी नव्हतं.

तिने फोटो मोठा करून बघितला. खिडकीतून काहीतरी दिसत होतं, झाड असेल, भिंत असेल. दोन बोटांनी ओढला तर नुसते चौकोन झाले. दोनशे मेगापिक्सेल! रोज घसा कोरडा करून सांगते, तळहाताची रेषा दिसते म्हणून, आणि मेसेजमधून येताना तोच फोटो टपालाच्या तिकिटाएवढा होऊन आला होता. तिला आपल्याच तोंडाची चीड आली. पुन्हा फोन लावून बघितला. कान देऊन उभी राहिली, पण कुठेही काही वाजलं नाही. म्हणजे फोन सायलेंटवर होता, आणि तो तिनेच करून दिला असणार, कारण चालू करताना दुकानात गोंगाट नको म्हणून ती सगळेच सायलेंटवर टाकायची.

मग एकदम तिला सुचलं. हरवलेला फोन शोधायची सोय! सायलेंटवर असला तरी पूर्ण आवाजात पाच मिनिटं वाजतो. फक्त खातं उघडायला हवं. मावशींचं खातं तिनेच काढून दिलं होतं, आणि वयस्कर माणसांचा पासवर्ड ती ठरलेल्या पद्धतीने करायची, दुकानाचं नाव आणि फोन नंबरचे शेवटचे चार आकडे. घरी जाऊन बदला हं, असं ती सगळ्यांना सांगायची आणि कोणीही बदलत नसे. एरवी या आळसावर ती तोंडसुख घ्यायची. आता तिने ते आकडे दाबले आणि मनातल्या मनात म्हणत राहिली, मावशी, बदलला नसू द्या, बदलला नसू द्या.

खातं उघडलं. फोन सापडला. बॅटरी दोन टक्के.

तिचा अंगठा हवेतच थांबला. पूर्ण आवाजात वाजायला लागला की दोन टक्के किती पुरणार? मिनिटभर? दोन? आणि फोन मेला की मग साठ दारं आणि ती. त्या प्रचंड बॅटरीचं कौतुक तिने हजार वेळा केलं होतं. दीड दिवस चालते म्हणायची. चार्जिंगला लावायच्या आधीच मावशी पडल्या असणार.

"हे बघा," ती पहारेकऱ्याला म्हणाली, "तुम्ही त्या इमारतीच्या जिन्यात जा, मी मधल्या. तिसरीत तो तिकडे गाड्या पुसतोय तो जाऊ दे. वरपर्यंत धावायचं. जोरात घंटी वाजल्यासारखं कुठल्या दारामागून आलं तर ओरडायचं. कळलं?" त्याला काय कळलं देव जाणे, पण तो धावला. ती दुसऱ्या मजल्यावर पोचली आणि तिने आपल्या फोनवरचं, हरवलेला फोन वाजवायचं बटण दाबलं.

काहीच नाही. तिसरा मजला. एका दारामागे टीव्ही. चौथा. ती श्वास रोखून उभी राहिली, आणि तिला ऐकू आलं, पण खूप लांब, जिन्याच्या खिडकीतून बाहेरून येतंय असं. ही इमारत नव्हे. तेवढ्यात पलीकडून पहारेकऱ्याची आरोळी आली, "इकडे! इकडे बाई! तिसऱ्यावर!"

ती खाली कशी उतरली, मधलं अंगण कसं ओलांडलं, पुन्हा तीन मजले कशी चढली, तिला आठवत नाही. दारासमोर पोचेपर्यंत आवाज बंद पडला होता. पण पहारेकरी दारावर हात ठेवूनच उभा होता, सोडला तर हरवेल म्हणून. "हेच," तो म्हणाला. "शपथेवर सांगतो, हेच."

दार आतून बंद. दोघांनी खांदे लावले, दार हललं नाही. खालून रुग्णवाहिकेचा भोंगा आला. स्ट्रेचरवाले दोघे वर आले, त्यांच्याजवळ पहार होती. तिसऱ्या घावाला कडी निखळली.

मावशी टेबल आणि भिंतीच्या मध्ये कुशीवर पडल्या होत्या. तोंड एका बाजूला ओघळलेलं. डोळे उघडे. डाव्या हातात तो टायटॅनियमचा फोन, आणि अंगठा अजून बाजूच्या बटणावर. त्यांनी दाराकडे बघितलं, फीचरबाईकडे बघितलं, आणि मग तिच्या मागे बघितलं, आणखी कोणी येतंय का म्हणून.

जिना उतरताना मुलाचा फोन आला, आपणहून. मीटिंग संपली होती. ती एवढंच म्हणाली, "दुकानातून बोलतेय. तुमच्या आईच्या फोनवरून मदतीचा मेसेज आला. त्यांना हॉस्पिटलात नेतोय." पलीकडून नुसतं "कुठल्या?"

तो तीन वाजता पोचला. तोवर मेंदूचा फोटो काढून झाला होता. तो धापा टाकत आला आणि सगळ्यांसमोर फीचरबाईपुढे हात जोडले त्याने. "ताई, तुम्ही देवासारख्या धावलात. मला वाटलंच होतं, महाग आहे पण घ्यायचाच. दुकानातसुद्धा मेसेज जातो हे मला माहीतच नव्हतं."

तिने बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आली. तरुण होती, घाईत होती, पण घाई आवाजात येऊ देत नव्हती.

"रक्ताची गुठळी आहे. विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण ते त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. म्हणून मला वेळ हवी. त्या नीट होत्या असं शेवटचं कोणी, कधी बघितलं?"

"सकाळी आठला बोललो मी," मुलगा म्हणाला. "तेव्हा ठणठणीत होती."

डॉक्टरीणबाईने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तीन वाजून नऊ मिनिटं. "आठ धरायचे तर सात तास झाले. मग नाही देता येणार." ती दोघांकडे वळली. "त्यानंतर कोणाला काही माहीत आहे?"

मुलाने फीचरबाईकडे बघितलं. "यांना मेसेज आला ना. ताई, किती वाजता आला?"

आणि इथे, खोटं कशाला बोला, फीचरबाईच्या मनात आलं ते आलंच. एक वीस. एक वीसला बघितला, ते खोटंही नव्हतं. एक वीस म्हटलं की सगळं नीट बसत होतं, देवासारखी धावलेली ताई, दुकान, नोकरी, हात जोडलेला हा माणूस. एक वीस म्हटलं की डॉक्टरांना वाटणार अजून अडीच तास आहेत, सावकाश करू. आणि त्या सावकाशीत मावशी जाणार. गप्प बसली तर इंजेक्शनच नाही. तिने खिशातून फोन काढला.

"अकरा बारा," ती म्हणाली. "सकाळी अकरा वाजून बारा मिनिटं. हे ऐका."

बाळा, आत्ता हातातला चमचा पडला. हात उचलेना झालाय.

डॉक्टरीणबाईने ते दोनदा ऐकलं. "आत्ता म्हणतायत त्या," ती स्वतःशीच म्हणाली. "तीन बेचाळीसपर्यंत. तेहतीस मिनिटं." आणि ती वळून आत धावली, आणि आतून एकदम चारपाच माणसांचे आवाज आणि चाकांची खडखड ऐकू आली.

बाहेर दोघंच उरली. मुलाने हात पुढे केला. तिने फोन त्याच्या हातात दिला. दुसरं काय करणार?

त्याने वेळा वाचल्या. अकरा बारा. अकरा चौदा. अकरा वीस. अकरा एकेचाळीस. बारा दहा. बारा सव्वीस. बारा पन्नास.

"हे माझ्याकडे यायला हवे होते," तो म्हणाला.

"हो."

"मग तुमच्याकडे कसे?"

तिने सांगितलं. डेमो, चाचणी, स्क्रीनगार्डचा बुडबुडा, सगळं. सांगताना तिला स्वतःचीच शिसारी येत होती, कारण सांगितल्यावर ते इतकं क्षुल्लक वाटत होतं.

"आणि अकरा बाराला आला तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"सारला बाजूला. न बघता." ती म्हणाली. "तीन वेळा. नंतर आवाजच बंद केला."

तिला वाटलं, हा आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो बाकावर बसला आणि त्याने दुसरं रेकॉर्डिंग लावलं. हे तिनेही ऐकलं नव्हतं.

"बाळा, मिळाला ना? दार आतून बंद आहे, कुणाला तरी घेऊन ये."

तिसरं. "येतोयस ना रे?"

चौथं, शब्द आता एकमेकांत सांडत होते. "कामात असशील. गाडी हळू चालव."

पाचवं लावायच्या आधी तो थांबला. फीचरबाईला वाटलं उठून निघून जावं, पण ती गेली नाही. त्याने लावलं.

"रागावू नकोस. फोन नाही केला. बटणच दाबलं."

त्याने फोन बाकावर ठेवला आणि दोन्ही हातांत तोंड झाकलं. तो बोलला तेव्हा आवाज तिच्याशी बोलतोय असा नव्हताच. "सकाळी मीच म्हणालो होतो, आज मीटिंग आहे, सारखी फोन करू नकोस. ओरडून म्हणालो होतो." मग म्हणाला, "दोन तास तिला वाटतंय मी बघतोय आणि येत नाहीये."

फीचरबाई रडायला लागली. माफी मागावी इतकंही धड तिला सुचेना. पुढची दोन रेकॉर्डिंग कोणीच लावली नाहीत.

तीन छत्तीसला डॉक्टरीणबाई बाहेर आली. इंजेक्शन सुरू केलंय, वेळेत आहे. किती फरक पडेल ते उद्या कळेल, बोलणं येईल का तेही आत्ता सांगता येत नाही. त्या शुद्धीवर आहेत, ऐकू येतंय. एकाने आत जा, दोनच मिनिटं.

मुलगा उठला, दारापर्यंत गेला आणि परत फिरला.

"तुम्ही जा," तो म्हणाला.

"मी?" ती दचकली. "अहो, तुमची वाट बघतायत त्या."

"मी सांगितलं की मला मेसेज मिळालेच नाहीत, तर तिला वाटेल मी वेळ मारून नेतोय. असं मी पुष्कळदा केलंय." त्याचे डोळे लाल होते, पण तो तिच्याकडे सरळ बघत होता. "तुम्ही सांगा. सगळं सांगा. मग मी येतो."

आत पडदे ओढलेले होते आणि यंत्राचा हिरवा आकडा वरखाली होत होता. मावशींची नजर दाराकडेच होती. फीचरबाईला बघून ती नजर पुन्हा तिच्या मागे गेली, रिकाम्या दाराकडे, आणि तिथेच राहिली.

फीचरबाई पलंगाशी वाकली. आयुष्यभर न अडखळता बोललेल्या तिच्या जिभेला एक वाक्य जुळवायला किती वेळ लागला.

"मावशी, त्यांना एकही मेसेज गेला नव्हता," ती म्हणाली. "तुमची सगळी बटणं माझ्याकडे वाजत होती. मीच बघितलं नाही."

मावशींनी डोळे दाराकडून तिच्याकडे वळवले. त्या तिच्याकडे बघत राहिल्या, खूप वेळ, आणि त्यांच्या तोंडाची चांगली बाजू हलायला लागली. फीचरबाई कान अगदी जवळ नेऊन थांबली. शब्द फुटत नव्हता. मग मावशींनी डाव्या हाताने तिचा हात धरून बाजूला केला, जोर लावून, म्हणजे दार दिसायला मधे कोणी नको होतं.

"बोलावते हं," फीचरबाई म्हणाली, आणि त्याला बोलवायला धावली.